अवानोस (तुर्कस्तान) : कुंभारांच्या गावात राहावं की गोरेमेला? सोबत सासू-सासरे

सुगड | ९ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं तुर्कस्तानला निघालोय. मी, नवरा आणि सासू-सासरे. इस्तंबूलचं सगळं ठरलंय, कॅपाडोशियाचे चार दिवस तेवढे लटकलेत. जो तो म्हणतो गोरेमेला राहा, गच्चीत चहा पिता पिता गरम हवेचे, माणसं घेऊन उडणारे फुगे दिसतात. माझ्या डोक्यात मात्र अवानोस बसलंय. नदीकाठचं, मातीच्या भांड्यांचं गाव.

कारण सासरे. दादा कऱ्हाडकडचे, घराणं कुंभाराचं. पन्नाशीपर्यंत चाकावर होते. मग पाठीनं दगा दिला, पोरं नोकरीला लागली, चाक पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं ते अजून तसंच आहे. परदेशी जायचं म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिकडं कुंभार असतात का?" म्हणून हा सगळा खटाटोप.

विचारायचंय ते असं : १) मुक्काम अवानोसला करावा का? २) तिथलं काम खरंच बघण्याजोगं आहे की पर्यटकांपुरता तमाशा? दादांना लगेच कळेल आणि मग चार दिवस गप्प बसतील. ३) सासूबाई शाकाहारी, गुडघे दुखतात. ४) नवऱ्याला सायकल, बोट, डोंगर असलं काहीतरी हवं, नाहीतर तो फोनवर ऑफिसचं काम काढून बसतो.

भटकभवानी | ९ ऑगस्ट, रात्री १०:४०

गोरेमे. डोळे झाकून. बरेचसे फुगे तिथूनच उडतात.

कडूलिंब | ९ ऑगस्ट, रात्री ११:०५

डोळे झाकले तर फुगे दिसणार कसे?

वाळूचं_घड्याळ | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी नोकरीमुळे तीन वर्षं अंकाराला होते. कॅपाडोशियाला पाच-सहा वेळा गेले, त्यातले दोन मुक्काम अवानोसला. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अवानोस ते गोरेमे अंतर आठ-दहा किलोमीटर. मधे छोट्या बसगाड्या धावतात, त्यांना दोल्मुश म्हणतात. म्हणजे आपली वडाप, फक्त टपावर कोणी बसत नाही. इकडे राहिलं की तिकडचं हुकतं असं काही नाही. फरक गावाचा आहे. गोरेमे आता पुरतं हॉटेलांचं झालंय. अवानोसमध्ये शाळा सुटते, म्हातारे पारावर बसावेत तसे नदीकाठी बसतात, बायका भाजी घेऊन घरी जातात. नदीवर एक झुलता पूल आहे, पायी चालायचा, चांगला हलतो. खाली बदकं आणि हंस. हंस अंगावर येतात, पाव हातात धरून उभ्या राहू नका.

नदीचं नाव किझिलिर्माक, म्हणजे लाल नदी. मातीत लोह आहे म्हणून पाणी लालसर. जन्मापासून समुद्रापर्यंत तुर्कस्तानातच राहणाऱ्या नद्यांत ही सगळ्यात लांब, १३५५ किलोमीटर, शेवटी काळ्या समुद्राला मिळते. हीच लाल माती तिथल्या कुंभारांची. ही परंपरा हित्ती लोकांपासून, म्हणजे चार हजार वर्षांपासूनची असं सगळे सांगतात.

सासूबाईंसाठी : नदीकाठचा रस्ता सपाट आहे. जुनं गाव मात्र चढावर, तिथे त्यांना नेऊ नका. खाण्यात मसुराचं सूप (मेर्जिमेक) जवळपास सगळीकडे मिळतं, पण मटणाच्या पाण्यात केलंय का ते विचारून घ्या. गोझ्लेमे म्हणजे पातळ पोळीत चीज किंवा पालक भरून तव्यावर भाजलेलं. आणि आयरान. ते शुद्ध ताक आहे, मीठ घातलेलं. सासूबाई खूश.

तिरकमठा | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

तुर्कस्तान? त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून आमच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी त्यांची सफरचंदं बंद केली आणि तुम्ही तिथे जाऊन पैसे देणार?

सुगड | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

तिकिटं आधीच काढलेली आहेत, परत मिळत नाहीत. सफरचंद खाणार नाही, शब्द.

कडूलिंब | १० ऑगस्ट, सकाळी ९:३४

तो विषय मागे सातशे प्रतिसादांत दळून झालाय. इथे माती मळू द्या.

शाडू | १० ऑगस्ट, दुपारी १:२०

मी हौशी कुंभार, पुण्यात एका स्टुडिओत शनिवारी जाते. अवानोसला दोन दिवस चाकावर बसून आले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : दोन्ही आहे.

तमाशा कसा, तर बसमधून चाळीस माणसं उतरतात, त्यांना बाकांवर बसवतात. एकजण तीन मिनिटांत सुरई काढतो, टाळ्या. मग पाहुण्यांतल्या एकाला चाकावर बसवून त्याचं मडकं वाकडं झालं की हशा. मग सफरचंदाचा चहा आणि दुकान. सहलीत एकदा अडकले होते. दुकानातला माणूस एका ताटलीची किंमत सांगून दारापर्यंत मागे आला आणि दारात तीच किंमत निम्मी झाली. निम्म्यालाही घेऊ नका असं नंतर कळलं, कारण पुढच्या गल्लीत तीच ताटली पावपट होती.

पण सकाळी नवाच्या आत, बसगाड्या यायच्या आधी, मागच्या गल्ल्यांत जा. तिथे रोजचं काम चालू असतं. खडकात कोरलेल्या खोल्यांत चाकं, फळ्यांवर ओळीनं सुकायला ठेवलेली भांडी. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही.

महत्त्वाचं : दादांचं चाक बहुतेक काठीनं फिरवायचं असणार, जमिनीलगत, उकिडवं बसून. तिथलं पारंपरिक चाक पायाचं आहे. बाकावर बसायचं, खाली जड चाक, त्याला पायानं रेटा द्यायचा, वर छोटी थाळी फिरते. पाठीला ते सोसतं. पण सवय नसेल तर हात आणि पाय एकमेकांशी भांडतात. माझे भांडले.

सातारी_तर्री | १० ऑगस्ट, दुपारी २:०२

ताई, आमच्याकडं कुंभारआळीत आजा काठीनं चाक फिरवायचा ते आठवलं. काठी भोकात घालून अशी गरगर द्यायचा, की दोन माठ निघंपर्यंत चाक थांबायचं नाय. आमी पोरं काठी पळवायचो. मग आजा ओली माती फेकून मारायचा, नेम चुकायचा नाय.

तुमच्या दादास्नी घेऊन जावाच. फुगं काय, कवाबी बघता येत्यात.

भटकभवानी | १० ऑगस्ट, दुपारी ३:३०

"कवाबी" नाही हो. वारा असला की उड्डाण रद्द. आमचे तीन दिवसांत दोनदा रद्द झालं. पहाटे चारला उठून तयार बसायचं आणि साडेपाचला निरोप येतो, आज नाही. म्हणून पहिल्याच दिवसाचं आरक्षण करा, रद्द झालं तर पुढचे दिवस हाताशी राहतात. ऑक्टोबर त्या मानानं बरा महिना आहे, पण पहाटे थंडी असते, लोकरीची टोपी न्या. दर रोज बदलतात, माणशी दोनशे युरोच्या आसपास धरून चाला.

आणि टोपलीत चढायला पाय बराच उचलावा लागतो, उतरताना गुडघे वाकवून बसावं लागतं. सासूबाईंना बसवायच्या आधी विचार करा.

जुनाखोंड | १० ऑगस्ट, रात्री ८:४५

या नदीचं जुनं नाव हॅलिस. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलंय. लिडियाचे (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले) लोक आणि इराणकडचे मीड लोक लढत होते, भर लढाईत दिवसाची रात्र झाली, दोघांनी शस्त्रं खाली ठेवली. ते ग्रहण इसवी सनपूर्व ५८५ मधल्या २८ मेचं, असं खगोलवाले गणित मांडून सांगतात. पुढे दोन्ही राज्यांची हद्द हीच नदी. मग लिडियाचा राजा क्रीसस. त्यानं ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात कौल लावला. कौल आला, इराणवर चालून गेलास तर एक मोठं साम्राज्य बुडेल. गडी खूश होऊन हॅलिस ओलांडून गेला आणि बुडालं ते त्याचंच.

पुलावर उभ्या राहाल तेव्हा सासऱ्यांना एवढं सांगा. बाकी हंस वगैरे ठीक आहे.

कडूलिंब | १० ऑगस्ट, रात्री ८:५२

गुरुजी, क्रीससनं स्टिकर व्हिसा घेतला होता का ई-व्हिसा?

वाळूचं_घड्याळ | १० ऑगस्ट, रात्री ९:२०

बरं झालं विषय काढला. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुठला तरी चालू व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. नसेल तर स्टिकर व्हिसा, आणि त्याला वेळ लागतो. सुगडताई, सासू-सासऱ्यांचा बघितलात ना?

सुगड | १० ऑगस्ट, रात्री ९:४१

हो, चौघांचा स्टिकरच, अर्ज दिलाय. फॉर्मवर दादांचा व्यवसाय काय लिहायचा यावर घरात अर्धा तास गेला. नवरा म्हणे 'निवृत्त' लिहू. दादा म्हणाले, निवृत्त कुणी केलं मला? 'कुंभार' लिहिलंय.

गावकूस | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

तुमच्या नवरोबांसाठी. नदीकाठानं सायकली मिळतात. नदी तिथे संथ आहे, कयाक चालवायला बरी. व्हेनिससारख्या लांब नावाही आहेत, त्या फोटोवाल्यांसाठी. खरी मजा चालण्यात. गुलाबी दरी आणि लाल दरी दुपारी उशिरा धरा, उन्ह उतरताना दगडाचा रंग बदलतो. झेल्वे तर अवानोसपासून अगदी जवळ : तीन दऱ्या, खडकात कोरलेली घरं, चर्च, मशीद. १९५० च्या दशकापर्यंत माणसं राहत होती, दरडींच्या भीतीनं हलवली. वाटेत पाशाबाग, तिथे टोप्या घातलेले दगडी सुळके. दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा थर, वरचा टणक तुकडा छत्रीसारखा राहतो आणि खालचा झिजतो. इहलारा दरी लांब पडेल, एक अख्खा दिवस लागतो.

घोडेही आहेत. 'कॅपाडोशिया म्हणजे सुंदर घोड्यांचा देश' असं प्रत्येक गाइड सांगेल. मान हलवायची. या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचं एकमत नाही.

निशिपुष्प | ११ ऑगस्ट, सकाळी १०:१०

केसांचं संग्रहालय कोणीच कसं सांगितलं नाही? एका कुंभाराच्या दुकानाखाली गुहा आहे. भिंतींवर, छताला हजारो बायकांच्या केसांच्या बटा लटकवल्यात, प्रत्येकीला नाव-गावाची चिठ्ठी. गिनीज बुकात नोंद आहे.

शेंगदाणा | ११ ऑगस्ट, सकाळी १०:१४

आईनं सुगडमध्ये केस सापडला तर दोन दिवस कुंभाराला बोल लावला असता. तिथे मुद्दाम जाऊन बघायचं?

निशिपुष्प | ११ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी दोन मिनिटांत बाहेर आले. नवरा पंधरा मिनिटं आत होता, काय वाचत होता देव जाणे.

अर्धवटराव | ११ ऑगस्ट, दुपारी १२:४५

नदी आणि कुंभार म्हटल्यावर आपलं तेर आठवलं. धाराशिव जिल्हा, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळची मातीची खेळणी आणि मूर्ती आहेत. तिथे चिटपाखरू नसतं. आणि आपण चार हजार वर्षं म्हणून तुर्कस्तानला.

जुनाखोंड | ११ ऑगस्ट, दुपारी १:०५

मुद्दा बरोबर, पण तेरला राहायला काय आहे? आणि कयाक कुठे घालणार, उन्हाळ्यात तेरणेत वाळू असते.

सातारी_तर्री | ११ ऑगस्ट, दुपारी १:२०

गोरोबाकाकांनी थापटणं घिऊन समद्या संतांच्या टकुऱ्यावर वाजवून बघितलं आन् नामदेवाला कच्चं मडकं ठरिवलं. ह्या धाग्यावर थापटणं फिरवलं तर कोन कोन पक्कं निघंल?

कडूलिंब | ११ ऑगस्ट, दुपारी १:२२

मी तडकलेला. मोजू नका.

शाडू | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

खरेदीबद्दल राहिलं. कार्यशाळेत केलेलं भांडं त्याच दिवशी घरी नेता येत नाही. सुकायला काही दिवस, मग भट्टी. कच्चं नेलंत तर घरी चुरा पोचेल. लाल मातीची साधी भांडी स्थानिक आणि स्वस्त. निळ्या-पांढऱ्या नक्षीची चकचकीत ताटं वेगळ्या, पांढऱ्या मातीची, इझनिक नावाच्या दुसऱ्या तुर्की गावाच्या पद्धतीची. ती चांगली असतात, पण 'नदीच्या मातीची' म्हणून गळ्यात मारतात. जेवायला वापरणार असाल तर झिलईत शिसं आहे का ते विचारा.

एक हित्ती घाटाची सुरई मिळते, कड्यासारखी गोल, मधे मोठं भोक. हात त्यातून घालून खांद्यावर घ्यायची आणि वाकून ओतायचं. ती चाकावर एका दमात होत नाही, भाग करून जोडतात. दादांना तीच दाखवा.

भटकभवानी | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

आणि तेस्ती कबाब! (तेस्ती म्हणजे मातीची सुरई.) मडक्यात मटण सीलबंद शिजवतात आणि टेबलावर हातोडीनं मडकं फोडतात. भाज्यांचंही करतात.

सुगड | ११ ऑगस्ट, रात्री ९:००

दादांसमोर मडकं फोडायचं? बघू धीर होतो का. सगळ्यांचे आभार. मुक्काम ठरला, अवानोस तीन रात्री, गोरेमे एक. आल्यावर लिहीन.

भटकभवानी | ११ ऑगस्ट, रात्री ९:०३

सगळे असंच म्हणतात आणि कोणी लिहीत नाही.

सुगड | २६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

लिहितेय, भटकभवानी!

फुगे : दुसऱ्या दिवशी उडाले. मी आणि नवरा गेलो. वरून नदी तांबूस पट्ट्यासारखी दिसली. सासूबाई खालूनच बघून म्हणाल्या, "जत्रेत यापेक्षा जवळून दिसतात." त्यांना गोझ्लेमे इतकं आवडलं, की करणारीच्या शेजारी पाट मागून बसल्या आणि तिचं लाटणं किती बारीक आहे ते मला दोनदा दाखवलं. बाईनं त्यांना दोन लाटू दिले.

आता दादा. शाडू, तू सांगितलंस तसं सकाळी आठला मागच्या गल्लीत गेलो. एक पन्नाशीचा माणूस वाडगे काढत होता. दादा दारात उभे राहिले, पंधरा मिनिटं एक शब्द नाही. मग मला म्हणाले, "विचार, माती कुठली?" मी फोनवरच्या भाषांतरानं विचारलं. त्यानं कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. मळलेली, चौकोनी वडीसारखी माती. दादांचा चेहरा बघण्यासारखा होता. "पाकिटातली?" त्या माणसाला प्रश्न कळला असावा. त्यानं हात हलवून काहीतरी सांगितलं, भाषांतर आलं : "मी म्हातारा होतोय, माती पाय देऊन कोण मळणार?" यावर मात्र दादा हसले.

चाकावर बसवलं. पहिले दोन गोळे गेले. पाय रेटला की हात सुटायचा, आणि चाक त्यांच्या सवयीच्या उलट बाजूला फिरत होतं. आमचं उजवीकडून, तिकडचं डावीकडून. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, "तू लाथ मार, मी बघतो." नवऱ्याला हवा होता तो व्यायाम झाला! तो खाली चाक रेटतोय, उलट्या दिशेनं, आणि वर दादा. बोळकं निघालं, ओंजळीएवढं, काठ किंचित बाहेर वळवलेला, आमच्या संक्रांतीच्या सुगडाला असतो तसा. तिथला माणूस उठून आला, बोळकं न उचलता काठावरून नुसतं बोट फिरवलं आणि मग स्वतःच्या वाडग्यांची ओळ सरकवून फळीवर त्याला जागा केली.

त्याच संध्याकाळी दादा नदीवर गेले. काठावरची माती घेतली, वेटोळं वळलं, बोटाभोवती वाकवलं. तडा गेला. "रेताड आहे. म्हणून पाकीट," म्हणाले आणि हात धुतले. क्रीससची गोष्ट सांगितली मी. म्हणाले, "कौल नीट ऐकायचा असतो."

मडकं फोडायचा कबाब घेतला नाही. शेजारच्या टेबलावर फोडलं, तेव्हा दादा खापऱ्या बघून म्हणाले, कच्ची भाजलेली.

शाडू | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

नवरा लाथ मारतोय, सासरे चाकावर! फोटो टाक गं.

बोळकं भाजून मिळालं का?

सुगड | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

नाही, आम्हाला निघायचं होतं. तो म्हणाला पुढच्या भट्टीत लावतो. पाठवायचा पत्ता विचारत होता, दादांनी नको सांगितलं. "विकलं गेलं तर विकू दे, पैसे त्याला ठेवायला सांग."

गोल सुरई घेतली आहे. सासूबाईंच्या नऊवारीत गुंडाळून हातातल्या पिशवीतून आणली. मुंबईला क्ष-किरण यंत्रावरच्या साहेबांनी दोनदा फिरवली, मधलं भोक कशाला म्हणून.

तिरकमठा | २६ ऑक्टोबर, दुपारी १:००

वाचून बरं वाटलं. सफरचंद खाल्लं नाहीत ना?

सुगड | २६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

नाही. चहा मात्र सफरचंदाचा होता, तो प्यावा लागला.

सातारी_तर्री | २६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

दादास्नी सांगा, पडवीतलं चाक एकदा आडवं करा.

सुगड | २६ ऑक्टोबर, दुपारी २:१५

केलंय. पण बसत नाहीत, पाठ आहेच. सध्या नातवाला काठी कशी धरायची ते शिकवणं चालू आहे आणि पडवीभर चिखल.

नवखा_प्रवासी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

छान धागा. फुगे कुठून उडतात आणि व्हिसा लागतो का?

कडूलिंब | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५२

थापटणं आणा रे कोणीतरी.